मधल्या सुट्टीची घंटा

ज्या लेकराची घडण चारचौघांसारखी नाही, त्याच्यासाठी बदलायचे कोणी, त्याने की शाळेने, हा प्रश्न जाणत्यांनी सोडवायचा असतो. भय मात्र त्याच्या आईच्या वाट्याला येते.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत ती माउली अंग चोरून बसली होती. शाळेची घंटा झाली की तिची नऊ वर्षांची लेक कान दाबून किंचाळत बाकाखाली शिरे. आधीच्या दोन शाळांनी असेच निरोप धाडून बोलावले होते आणि दाखला हातावर ठेवला होता. म्हणून या खेपेस दाखल्याचा अर्ज तिने घरूनच लिहून आणला होता.

“बाई, तुम्हाला बोलायला लागू नये म्हणून...” तिने अर्ज पुढे केला.

बाईंची नजर घड्याळावर होती. “मिनिटभर थांबा. मधली सुट्टी होतेय. मी सांगण्यापेक्षा तुम्ही ऐकलेलंच बरं.”

आता घंटा, आणि पाठोपाठ ती किंकाळी. आईने डोळे गच्च मिटले.

घंटा झाली. सावकाश, मोजून पाच टोल. किंकाळी आलीच नाही.

ती दाराशी धावली. व्हरांड्यात स्टुलावर उभी राहून तिची लेक शिपाईकाकांच्या हाती हातोडी परत देत होती.

“अवचित वाजायची, म्हणून घाबरत होती हो,” काका म्हणाले. “आता रोज हीच वाजवणार. माझ्याहून वेळेची पक्की आहे, माझी नोकरी घालवते बघा.”

ज्यांनी ती हातोडी सोपवली, त्यांचे कल्याण होवो. आणि त्या माउलीला आज शांत झोप लागो.