ओ

फाईलला नाव होतं, तारीख होती. आत काहीच नव्हतं.

गौतमीनं ती तिसऱ्यांदा उघडून पाहिली. समोर सोनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसली होती. तिचा बाप गोमा जाऊन आठ दिवस झाले होते. रानातला कुठला कंद किती पाण्यांत उकडला की त्याचं विष उतरतं, हे सगळ्या वाडीत त्याला एकट्याला पुरतं ठाऊक होतं. एकोणीस कंद. महिन्यापूर्वी पौडच्या या ध्वनिसंग्रह केंद्रात गौतमीनंच ते त्याच्या आवाजात रेकॉर्ड केले होते.

"काय बी ऐकू येत न्हाई, ताई."

केंद्राच्या सगळ्या फायली पुण्यातल्या सर्व्हरवर जात. गौतमीनं तो सांभाळणाऱ्या दयानंदला फोन लावला.

"त्या दुपारी इथली वीज गेली होती, मॅडम," तो पाहून म्हणाला. "सर्व्हरनं फाईल घेतली, पण नुसती मेमरीत; वीज जाताच तिथून पुसली गेली. डिस्कवर उतरलीच नाही."

"अहो, पण 'सेव्ह झालं' असं आलं होतं!"

"डिस्कचं उत्तर यायच्या आधीच आलं ते. आता बदल करतो. डिस्कचं उत्तर आल्याशिवाय 'सेव्ह झालं' येणार नाही. फक्त थोडं थांबावं लागेल."

त्या दुपारी 'सेव्ह झालं' हे दोन शब्द वाचून गौतमीनं त्याच मिनिटाला रेकॉर्डरचं कार्ड पुसलं होतं. तिला सोनीकडं बघवेना.

"चूक माझी आहे, सोनी. बाबांचा आवाज गेला."



"आमी डोंगरावनं खालच्या वाडीला हाक मारतो," सोनी म्हणाली, "तवा खालनं ओ आल्याबिगर जागचं हालत न्हाई. तुमी थांबला न्हाई व्हय?"

"नाही थांबले."

सोनीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मला सात ठावं हायेत. घ्या."

ती सावकाश बोलत गेली. सातव्या कंदानंतर तिनं तोंड उघडलं, पण पुढचं नाव आलं नाही. तिनं मान हलवली.

गौतमीनं फाईल पाठवली. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. कार्ड रेकॉर्डरमध्येच होतं, तिनं त्याला हात लावला नाही. दोघी एकटक बघत होत्या. शेवटी अक्षरं उमटली.

"ओ आली?" सोनीनं विचारलं.

"आली."

"माझी तरी आली," सोनी म्हणाली.