वेल्डरमामांचा जोड

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग शाळेमागच्या खोलीत असते, एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सायकल दामटत शेजारच्या गावी आलो, तर शाळेमागे खोल्या चार, दारं चारही लोटलेली, पाटी एकावरही नाही. विचारायचं कुणाला? विचारलं की रात्रीपर्यंत सासुरवाडीला कळणार. परत फिरणार, तोच एका उंबऱ्याबाहेर चपला दिसल्या, डावीची टाच दोन बोटं जाड. तसला जोड पंचक्रोशीत एकच, डावा पाय आखूड असलेल्या वेल्डरमामांचा. मामा पूर्वी गटारात सापडायचे, हल्ली थेंबाला शिवत नाहीत. मी दार ढकललं. आत पाच-सहा जण, प्रत्येकाच्या चपला पिशवीत, पिशवी मांडीवर. माझ्याही हातातच होत्या. “मामा, तुमच्या बाहेर राहिल्या. लोक ओळखतील की!” “राहिल्या नाहीत, ठेवल्यात.” मामांनी खुर्ची पुढे सरकवली. “तुला खोली सापडली कशी?” बसण्याआधी मी दाराबाहेर जाऊन माझ्याही चपला रस्त्यावरून दिसतील अशा ठेवून आलो.