थंड डोकं

डॉक्टरीणबाईंनी समोर बसलेल्या माणसासाठी पडद्यावर चित्र लावलं. त्याची बायको यमुना जाऊन चार महिने झाले होते. हे चित्र तिच्या मेंदूच्या ऑपरेशनमधलं, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं काढलेलं. मेंदू लाल-पिवळा दिसत होता, मधेच एक निळा डाग.

"काका, लाल ते गरम, निळं ते थंड. हा डाग म्हणजे त्यांची गाठ. शिकणाऱ्या मुलांना हे दाखवायला तुमची सही हवी."

"गाठ थंड होती?"

"हो. आजूबाजूपेक्षा थंड."

त्यानं मान खाली घातली. शेवटच्या वर्षी यमुना भाजीत दोनदा मीठ घालायची, हातातलं भांडं पाडायची, विचारलं की खेकसायची. तो चारचौघांत म्हणायचा, "हिचं डोकं कायम तापलेलं. वर पोळ्या भाजाव्यात." माणसं हसायची. एकदा तिनं त्याचा हात धरून कानाच्या वर ठेवला.

"बघा ना, इथं काहीतरी होतंय."

त्यानं हात काढून घेतला. "आधी डोकं थंड ठेवायला शीक."

त्यानं सही केली, पण कागद सोडला नाही.

"बाई, मुलांना एक सांगाल? माझी बायको रागीट नव्हती."

"सांगेन, काका."

"चारचौघांत सांगा."