विहिणीची साक्ष

साल दोन हजार नऊ. व्हिसा कचेरीतल्या काचेच्या खिडकीपुढे दोन विहिणी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीला दुसरीचा अर्ज नामंजूर व्हायला हवा होता.

ती मुलाची आई. सगळे तिला माई म्हणत. लोकांचे कपडे शिवून शिवून तिने एकुलता एक मुलगा शिकवला, परदेशी धाडला. आणि त्याला पहिली मुलगी झाली, तेव्हा तिला आधी हातात घेतलं कुणी? तर सुनेच्या आईने! या बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माई मनातल्या मनात त्यांना हेडबाई म्हणे. "बाळंतपणात मुलीला आईच लागते," असं म्हणत हेडबाई सहा महिने तिकडे राहून आल्या. आल्या त्या गोष्टींचं गाठोडं घेऊनच. "माझ्याच मांडीवर झोपायची हो!" "माझ्याशिवाय कुणाच्या हातून खाईल तर शपथ!" माई हसून ऐकून घेई, आणि घरी येऊन मशीनचं पायडल असं मारी की सुई मोडे.

आता दुसरं मूल होणार होतं. सुनेने दोघींचे अर्ज एकत्र भरले होते. फोनवर बजावलंही होतं, "फिरायला चाललोय म्हणायचं. मूल सांभाळायला जातो असं चुकूनसुद्धा म्हणू नका. ते लोक त्याला काम समजतात, आणि पाहुण्यांना तिथे काम करता येत नाही. अर्ज तिथल्या तिथे फेटाळतील."

"नातवंडाला मांडीवर घेणं म्हणजे काम? कमालच आहे!" माई म्हणाली होती. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

माईचं लवकर आटोपलं. मुलाकडे चाललेय, फिरेन, परत येईन, असं तिने पोपटासारखं म्हणून दाखवलं. मग खिडकीमागचा साहेब हेडबाईंकडे वळला. शेजारी बसलेली दुभाषी मुलगी त्याचं बोलणं मराठीत सांगत होती.

"मागच्या खेपेला सहा महिने राहिलात. मुलगी आणि जावई दोघं नोकरीला. मग बाळाला कोण सांभाळत होतं? तुम्हीच ना?"

हेडबाई म्हणजे जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई. ओठ हलले, पण शब्द फुटेना. साहेबाने कपाळाला आठी घातली आणि माईला विचारलं, "तुम्ही सांगा. या काय करत होत्या तिथे?"

माईला आयतीच संधी चालून आली. सुनेची ताकीद ती पार विसरली. तिला एवढंच कळलं, की या बाईला आता नालायक ठरवलं की ही कायमची इकडेच राहील. असल्या बाईला कोण आपल्या देशात घेईल?

"काय करणार? काही नाही!" माई कडाडली. "नुसत्या बसून होत्या, पाटलिणीसारख्या! पोर रडून लाल झालं तरी पेपरातून डोकं वर काढतील तर ना! सगळं माझ्या मुलाने केलं. यांना नटून फिरायला तेवढं हवं. यांच्या हाती मूल देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!"

दुभाषी मुलीने हसू दाबत भाषांतर केलं. साहेब मात्र मोकळेपणाने हसला. त्याने शिक्का उचलला आणि दोन्ही अर्जांवर मंजुरी उमटवली.

बाहेर पायऱ्यांवर हेडबाईंनी माईचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते. "विहीणबाई, माझी जीभच टाळ्याला चिकटली होती. तुम्ही नसता तर गेलंच होतं सगळं. माझ्यासाठी केवढं खोटं बोललात हो!"

सुनेची ताकीद माईला तेव्हा कुठे आठवली.

तिकडच्या दवाखान्यात नर्स बाळाला घेऊन बाहेर आली. तिने हेडबाईंपुढे हात केले. त्या एक पाऊल मागे सरल्या. "आधी त्यांच्याकडे द्या. त्यांच्यामुळे मी इथे उभी आहे." ज्यासाठी इतकी वर्षं जीव जळत होता ते माईच्या ओंजळीत आलं, आणि तिची मान काही वर होईना.

मुलगा आणि सून तिकडचे कायमचे रहिवासी झाले. नातीला नोकरी लागली, नातवाला मिसरूड फुटलं. हेडबाई मागल्या वर्षी गेल्या. माझी विहीण माझ्यासाठी परक्या साहेबापुढे खोटं बोलली, हे त्या शेवटपर्यंत भेटेल त्याला सांगत होत्या. माई अजून मशीनवर बसते, पण सुई शेजारणीकडून ओवून घ्यावी लागते. नातू फोनवर कधी कधी विचारतो, "आजी, तू त्या आजीसाठी खोटं बोललीस ना गं?"

माई हो म्हणते. खोटं ती बोलली होती, यात वादच नाही. फक्त विहिणीसाठी नव्हे.