खालच्या पापणीची माया

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मिटलेत की," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च खाली केला. दोन्ही डोळ्यांत पांढरी चीर उघडीच राहिली होती. दोन महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या एका दवाखान्यात डोळ्यांखालच्या पिशव्या काढायला गेली होती. पिशव्या गेल्या. पण खालच्या पापण्या ओढल्या गेल्या, लांबट डोळे गोल झाले, आणि तेव्हापासून ती सगळ्या जगावर डोळे वटारून बसल्यासारखी दिसायची. कपडे कमीजास्त करून द्यायचं तिचं दुकान. पॅन्ट आखूड करायला आलेलं गिऱ्हाईक आधी माफीच मागायचं. आणि मशीनवर बसलं की डोळे चुरचुरायचे, टाका धूसर व्हायचा.

सासू कोपऱ्यातल्या स्टुलावर होती, सुनेची पर्स मांडीवर घेऊन. "मला तर बाई हिच्यासमोर दुसऱ्यांदा भात मागायचा धाक वाटतो," ती म्हणाली. "आजवर मी हिला धाकात ठेवलं. झाली फिट्टंफाट."

डॉक्टरीणबाई हसल्या. "कशाला केलंत हे?" असं काही त्यांनी विचारलं नाही. घरात, दारात, दुकानात सगळ्यांचं विचारून झालं होतं. तेवढ्यासाठीच तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"खरं खरं सांगा," ती म्हणाली. "माया शिल्लक आहे का?"

"माया?"

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो ना, ती. माया असली की उसवून वाढवता येतं. नसली की कपडा वाया."

डॉक्टरीणबाईंनी बोटाने एक पापणी हलकेच वर ढकलून पाहिली. मग दुसरी.

"कातडी जरा जास्तच कापली गेलीय. पण वाया काही गेलेलं नाही. लगेच कात्री लावायची नाही, व्रण अजून कडक आहे, मऊ पडू दे. रोज बोटाने असं वर चोळायचं, दिवसा थेंब, झोपताना मलम आणि पट्टी. काहींचं एवढ्यावर भागतं. नाही भागलं, तर बाहेरच्या कोपऱ्याला टाका घेऊन पापणी वर बसवता येते. त्यानेही पुरलं नाही, तर ठिगळ."

"ठिगळ? तोंडावर?"

"कातडीचं. जोड फारसा दिसत नाही. अगदी पहिल्यासारखे डोळे होतील असा शब्द मी देत नाही. पण मिटतील."

तिला एकदम हलकं वाटलं. गिऱ्हाइकाला तीही असंच सांगायची: नव्यासारखा नाही होणार, पण अंगात होईल. आज कुणीतरी तिच्याशी तसं बोललं होतं.

"ठिगळाला कातडी कुठली घेता?" सासूने विचारलं.

"वरच्या पापणीची, नाहीतर कानामागची."

सासू उठली. पर्स स्टुलावर ठेवून टॉर्चच्या उजेडात आली, चष्मा काढला, आणि स्वतःची वरची पापणी चिमटीत धरून पुढे केली.

"ही घ्या. नुसती लोंबतेय. हिच्या दोन्ही डोळ्यांचं भागेल."

"नाही चालत, आजी. दुसऱ्या कुणाची कातडी अंगाला धरत नाही."

"दुसऱ्या कुणाची?" सासूने चिमूट सोडली नाही. "अहो, सून आहे माझी!"