नवशाचं नाणं

भूपेशने रुमालाची गाठ सोडली आणि नाणं गुणाबाईच्या हातावर ठेवलं.

"परत आलं, मावशी," तो म्हणाला.

गणेशपुरीच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावर, झोपडीसमोर गुणाबाई भात पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि नाण्यावरून अंगठा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं कुठे आहेत ते माहीत होतं. एका बाजूला तिच्या मुलाचं नाव, नवशा. दुसऱ्या बाजूला ट्रक, आणि त्याखाली नंबर.

भूपेश राहनाळचा. वळ गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सुपरवायझर होता. नाणी ओतणं हा त्याचा छंद. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कथील वितळवून साच्यात ओतायचा, घासून चकाकी आणायचा. त्याच्यासारखे छंदी लोक देशभर होते. ते डोंगरांवर, किल्ल्यांत, पुलांखाली छोटे डबे लपवायचे आणि जागा मोबाइलवर टाकायचे. डबा ज्याला सापडेल त्याने आतलं नाणं उचलून पुढच्या कुठल्या तरी डब्यात ठेवायचं आणि नाण्यावरचा नंबर टाकून तसं कळवायचं. काही नाणी अशी फिरायची. काही ते आपसात अदलाबदल करून जमवायचे.

नवशा भूपेशच्याच ऑफिसच्या गाडीवर क्लीनर होता. गेल्या वर्षी राजस्थानात गाडी उलटली आणि तो गेला. शेठ म्हणाले, एवढ्या लांबून कुठे आणत बसता, तिथेच उरकायला सांगा. भूपेशने ड्रायव्हरला फोन करून तसं सांगितलं. मग पाड्यावर येऊन गुणाबाईला सांगितलं की एवढ्या लांबून आणता येत नाही. पाड्यावरच्या लोकांत मेलेल्याला पुरतात. नवशाला तिकडे जाळलं होतं.

बाराव्याला भूपेश पुन्हा आला. कशाला आला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला त्याच्या नावाचं नाणं लटकत होतं. हे काय, म्हणून गुणाबाईने विचारलं, तेव्हा त्याने सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, माझ्या पोराच्या नावाचं एक कर. करून आणलं तर घरात ठेवून घेईना. तो घरात बसणारा नव्हता, जाऊ दे त्याला, म्हणाली.

नाणं फिरायला लागलं. नाशिक, मग इंदूर, मग उदयपूर. दर वेळी भूपेश पाड्यावर येऊन सांगायचा. तिथे थंडी आहे का, पाणी गोड आहे का, असं गुणाबाई विचारायची आणि तो मोबाइलवर बघून उत्तर द्यायचा. घरी जाताना त्याला हलकं वाटायचं.

पावसाळ्यात नाणं गप्प झालं, कुठूनच त्याची खबर येईना. भूपेश सांगत राहिला, अजून उदयपूरलाच आहे. दिवाळीनंतर अदलाबदलीच्या ग्रुपवर नवशाच्या नाण्याचा फोटो आला. बडोद्याच्या प्रितेश नावाच्या माणसाने टाकला होता. हाताने घडवलेलं, असं दुसरं नाही, बदल्यात काय देता? भूपेशने त्याला फोन लावला. हे फिरायचं नाणं आहे, ठेवून घ्यायचं नाही, असं समजावलं. नवशा कोण होता तेही सांगितलं. प्रितेश नीट बोलला, वाईट वाटलं म्हणाला, पण तसंच द्यायला तयार होईना. त्याला भूपेशकडचं एकच नाणं हवं होतं. मुलीच्या, उन्नतीच्या बारशाला ओतलेलं. भूपेशने बरेच दिवस काढले. मग बायकोला न सांगता ते पाठवून दिलं.

आत्ता त्याने गुणाबाईला सगळं सांगितलं, उन्नतीच्या नाण्याचं सोडून. नाणं उदयपूरला नव्हतं, आपण खोटं बोलत होतो, हेही सांगितलं.

"मंग ह्यो आपला आपन आला, का कुनी आनला?" तिने विचारलं.

"कुरिअरने आला. वळच्या ऑफिसवर."

गुणाबाईने नाणं मुठीत धरलं.

"म्हंजे आनता येतं," ती म्हणाली.

भूपेशने मान खाली घातली. ती आता रडेल, नाहीतर आपल्याला हाकलून देईल, असं त्याला वाटलं. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. शेजारच्या झोपडीतून दिराला, वाघ्याला हाक मारली आणि कुदळ घ्यायला सांगितलं.

पाड्याच्या खाली ओढ्याकाठी त्यांची माणसं पुरलेली होती. नवशाचा बापही तिथेच होता. त्याच्या शेजारची जागा गुणाबाईने दाखवली. वाघ्याने उकिडवं बसून कुदळीच्या टोकाने वीतभर माती उकरली आणि नाण्यासाठी हात पुढे केला. गुणाबाईने मूठ उघडली नाही.

"पुरा खन," ती म्हणाली. "माजा पोऱ्या उंच व्हता."

वाघ्याने तिच्याकडे पाहिलं. मग उठून उभा राहिला, कुदळीने जमिनीवर लांब रेघ ओढली आणि खणायला लागला. जमीन वाळून कडक झाली होती, कुदळ दगडांवर वाजत होती. गुडघाभर खोल गेल्यावर त्याला धाप लागली. भूपेशने शर्ट काढून करवंदीच्या जाळीवर टाकला आणि खड्ड्यात उतरला. वाघ्याने कुदळ त्याच्या हातात दिली.

भूपेशला खणायची सवय नव्हती. तळहात सोलले तरी तो थांबला नाही. गुणाबाई काठावर मूठ मिटून बसली होती. खड्डा त्याच्या कमरेपर्यंत आला, तेव्हा तिने वाकून आत पाहिलं.

"डोक्याकडं आजून जरा," ती म्हणाली.