शाळेचे पत्रे

"मावशी, उतर खाली. यंदा इथे कोणी येणार नाही."

ओबदुलिया खोपीच्या छपरावर बसून झावळ्या बांधत होती. उन्हाने झावळ्या तापल्या होत्या, हाताला चटके बसत होते. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

"का रे? वादळाने बेत बदलला?"

"वादळ येतंय. उद्या दुपारी," खाली उभा असलेला शेजारचा एरासमो म्हणाला. "पण सगळी वस्ती शाळेत जाणार आहे. नवे पत्रे टाकलेत, लोखंडी बोल्ट मारलेत. टीव्ही आहे तिथे. सकाळी बैलगाडी आणतो, तू पण चल."

"तुम्ही जा. मी आहे इथे."

"एकटी काय करणार आहेस?"

"आलंच कोणी तर दार कोण उघडणार?" असं म्हणून तिने पुढची झावळी ओढून घेतली.

क्युबाच्या त्या किनाऱ्यावर अशा खोपी लोक जुन्या काळापासून बांधत आले आहेत. भिंती नाहीतच. छप्पर थेट जमिनीतून वर निघालेलं, वासे खोल पुरलेले. वारा येतो आणि वरून निघून जातो. वस्तीतली घरं किती वेळा गेली आणि पुन्हा उभी राहिली, एवारिस्तोची ही खोप जागची हलली नाही. एवारिस्तो मात्र गेला. ओबदुलियाचा नवरा. मुलगी हवानाला असते, वेळ मिळाला की फोन करते. तिला वेळ क्वचितच मिळतो.

वर्षभर ओबदुलियाच्या दारात कुत्रं फिरकत नसे. लोक वाईट नव्हते. ज्याचं त्याला होतं, एवढंच. पण वादळ आलं की सगळे यायचे. कोणी कोंबडी आणायचं, कोणी युकाचे कंद. एरासमो तर डुक्करही घेऊन यायचा. मग दाटीवाटी, भांडणं, कॉफी, जुन्या वादळांच्या बढाया. वादळ टळावं म्हणून सगळा किनारा मेणबत्त्या लावायचा. ओबदुलियाही लावायची, पण मनात उलटंच मागायची. हे तिने पाद्रीबाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी आली आणि तिच्याशिवाय गेली. ओबदुलियाने तरीही मोठं पातेलं चुलीवर चढवलं. लहान पातेल्यात स्वयंपाक करायला तिचा हातच धजेना.

दुपारी समुद्र काळा पडला. केळीची पानं फाटायला लागली. तिने पातेलं आत घेतलं आणि दाराची दोरी हातात धरली.

दोरी बांधण्याआधी खोपीच्या मालकाने आत आलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, आणि ज्याने त्याने "आहे" म्हणायचं, अशी तिथली रीत. कोणी बाहेर राहू नये म्हणून. एवारिस्तो खड्या आवाजात नावं घ्यायचा. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं होतं. आज आत कोणीच नव्हतं. पण रीत ती रीत.

"ओबदुलिया," ती म्हणाली. थोडं थांबून तिनेच उत्तर दिलं, "आहे."

स्वतःचाच आवाज ऐकून तिला इतकं भरून आलं, की दोरीची गाठ काही नीट बसेना.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"मावशी, उघड! उघड लवकर!"

एरासमो होता. मागे त्याची बायको नीव्हेस, दोन पोरं, सासू, आणि दोरीला बांधलेलं डुक्कर.

"काय झालं रे?"

"शाळेचे पत्रे उडाले! आम्ही बसलो होतो तो कोपराच उघडा पडला. बाकीचे दुसऱ्या वर्गात घुसले, आम्हाला पाय ठेवायला जागा नाही."

"सांगत होते की नाही?" ओबदुलियाच्या आवाजाला एकदम धार आली. "वरून ठोकलेलं वरूनच जायचं! म्हणे बोल्ट! या आत, मेल्यांनो. आधी ते डुक्कर घ्या. त्याला तरी अक्कल असेल."

"आई, पण शाळेत टीव्ही तर अजून चालू होता—" धाकटी म्हणाली. नीव्हेसने युकाचा मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.

या खेपेला नावं एरासमोने घेतली. सगळ्यात शेवटी म्हणाला, "ओबदुलिया?"

"आहे!" ती म्हणाली. मग रात्रभर वारा खोपीवरून ओरडत गेला, आणि आत सासू घोरते की डुक्कर यावर वाद चालला. मोठं पातेलं तळापर्यंत पुसून निघालं.

वादळ गेलं. ऊन पुन्हा तस्संच भाजायला लागलं. एरासमोचं बिऱ्हाड आपल्या घरी गेलं. ओबदुलियाला मात्र शाळेचा तो उघडा कोपरा स्वस्थ बसू देईना. पोरांनी उन्हात कसं शिकायचं? नवे पत्रे यायचे तेव्हा येतील. तिने उरलेल्या झावळ्यांचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि चिखल तुडवत शाळेकडे निघाली.

शाळेच्या आवारात एरासमो पडलेलं झाड तोडत होता. तिला पाहताच त्याचा कोयता हवेतच थांबला.

ओबदुलियाने वर पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्रे उन्हात चमकत होते. एक बोल्ट हललेला नव्हता.

तिने भारा हळूच खाली ठेवला. पदराने तोंड पुसावं तसं झग्याच्या टोकाने तोंड पुसलं, आणि डोळेही. एरासमो मान खाली घालून उभा होता. तिने पुन्हा छपराकडे पाहिलं.

"फारच मोठं भगदाड आहे रे," ती म्हणाली. "पुढच्या वादळापर्यंत काही बुजायचं नाही."

"कसलं बुजतंय, मावशी," एरासमो म्हणाला.